कागद फाड, म्हणाला होतात

काका,

तुमच्या शोकसभेत मी दहा मिनिटं बोलले. मराठी मंडळाने लखनौच्या महानगर भागातल्या एका शाळेचा हॉल घेतला होता. मी तुमची विद्यार्थिनी आणि आता तुमच्याच ॲनाटॉमी विभागातली लेक्चरर, म्हणून माईक माझ्या हातात दिला. तुम्ही किती शिस्तीचे, तुमच्या हाताखालून किती डॉक्टर गेले, आणि जाताना देहसुद्धा मुलांना शिकायला देऊन टाकलात, असं सगळं मी नीट सांगितलं. बायकांनी डोळे पुसले. रेल्वेतले एक निवृत्त इंजिनिअर उठून म्हणाले की दधीची ऋषींनंतर असा माणूस झाला नाही. मी मान खाली घालून बसून राहिले. दधीचींनी मरायच्या आधी कुणाला कागद फाडायला सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगितलं होतंत, मला, आणि मी तो फाडला नाही.

त्याला आता दोन महिने होत आले. तुम्ही तळमजल्यावर फॉर्मॅलिनच्या टाकीत आहात आणि सोमवारी नवी बॅच हॉलमध्ये येते. मंडळाच्या अंकासाठी मी एक लेख देऊन टाकलाय, त्यात सभेतलंच सगळं आहे. हे त्यांच्यासाठी नाही. तुमच्यात आता ऐकणारं काही उरलेलं नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. आमच्या घरात आत्मा मानत नाहीत, आणि तुम्हालाही इतक्या वर्षांत तो कुठल्या टेबलावर सापडला नाही. तरी बोलते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण मेलात तुम्ही आणि खोड माझी आहे.

तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं ते आणीबाणीच्या आदल्या वर्षी. डिसेक्शन हॉलमध्ये पहिल्याच दिवशी तुम्ही प्रत्येकाला उघडा हात प्रेताच्या छातीवर ठेवायला लावलात आणि घड्याळ बघत पाच मिनिटं तसंच उभं केलंत. माझ्या शेजारी सीतापूरची एक मुलगी होती, तिला उलटी झाली. तुम्ही ओरडला नाहीत. बादली आणि फडकं मागवलंत आणि तिच्याकडून फरशी पुसून घेतलीत. ती उभी राहिल्यावर अगदी गोड आवाजात म्हणालात, "अब जहाँ से निकला है, वह जगह बॉडी पर दिखाइए।" सगळा हॉल हसला. पंधरा दिवसांत ती मुलगी नाव काढून बी.एस्सी.ला गेली. मीही हसले होते, काका. तुमचं शिकवणं मला लागलं ते तिथूनच.

आमच्या वाट्याला चार नंबरचं टेबल आलं. त्यावरचा माणूस काटक होता, पायांच्या भेगा इतक्या खोल की फॉर्मॅलिननेही त्या भरल्या नव्हत्या. हॉलचा अटेंडंट बदलू म्हणाला, रिक्षा चालवत असणार, मांड्या बघा. पोलिसांनी वाट पाहिली, न्यायला कुणी आलं नाही, म्हणून आमच्याकडे दिला. तुम्ही टेबलापाशी येऊन तुमचं ठरलेलं वाक्य बोललात, "लावारिस है। किसी का नहीं, इसलिए हमारा है।" त्या वाक्यावर मुलं माना डोलवायची. मी मराठीत विचारलं, म्हणजे तुम्हाला एकट्यालाच कळावं, "सर, ज्यांचं कुणीतरी असतं, ते इथे कधी येतात?"

तुम्ही मांडीचं हाड माझ्या हातात दिलंत आणि ते डोक्यावर धरून तास संपेपर्यंत उभं राहायला सांगितलंत, हिंदीत. माझे दंड दोन दिवस वर जात नव्हते. पुढे बारा वर्षं आपण हे एकच भांडण निरनिराळ्या तऱ्हेने भांडलो, आणि मला वाटतं, त्या तासाला मी ते जिंकले होते म्हणूनच तुम्ही मला उभं केलंत.

वर्षाच्या शेवटी तुम्ही मला नापास केलंत. तुमची ती कापडी थैली सगळ्या कॉलेजला माहीत होती. आत एक हाड, न बघता हात घालायचा, हाड कुठलं आणि डाव्या अंगाचं की उजव्या, ते चाचपून सांगायचं. मला पोटरीचं बारीक हाड आलं. मी उजवं म्हणाले, ते डावं होतं. चूक माझीच होती. पण त्याच दिवशी त्याच हाडावर आणखी तिघं चुकले आणि तिघं पास झाले. कारण मला पुढे काकूंकडून कळलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तुम्हाला सहज विचारलं होतं, ही तुमच्याकडची का. मराठी पोरीला सोडलं असं कुणी म्हणू नये म्हणून तुम्ही माझे सहा महिने घेतलेत.

सहा महिने मी विसरले असते. बाबांचा कोट विसरले नाही. बाबा टेलिग्राफ ऑफिसात हेड क्लार्क. लखनौच्या जूनच्या उन्हात त्यांनी लग्नातला लोकरी कोट घातला आणि तुम्हाला भेटायला आले. मी खांबाआड उभी होते. "नमस्कार साहेब, मी मेश्राम, नागपूरचा," एवढं ते बोलले. तुम्ही "कहिए" म्हणालात. मग म्हणालात, "आपकी लड़की को हड्डी पकड़ना नहीं आता। छह महीने बाद आए।" बाबांनी हिंदीत आभार मानले. घरी आल्यावर कोट काढताना त्यांनी आईला विचारलं, "काहून बोलला नसंन तो मराठीत? वऱ्हाडचाच हाय ना तो?" तिकडे आपल्या गावांत तुमच्या गल्लीत आमचं घर नसतं हे दोघांनाही माहीत होतं, पण इथे एवढ्या लांब येऊन सगळे नुसते मराठी झालेत, असं बाबांनी धरून ठेवलं होतं. त्यानंतर ते मंडळाच्या एकाही कार्यक्रमाला गेले नाहीत.

आठवड्याने तुमचा निरोप आला, रविवारी घरी ये, हाडं शिकवतो. निरोप मराठीत होता. मला थुंकावंसं वाटलं, पण पासही व्हायचं होतं, म्हणून आले.

आणि तिथे तुम्ही मला जे दिलंत ते दुसऱ्या कुणीच दिलं नाही, हेही आज सांगितलं पाहिजे. मानेतून हातात उतरणाऱ्या नसांची गुंतागुंत कुणाच्या डोक्यात शिरत नव्हती. पुस्तकातली आकृती पाठ करायची, परीक्षेत ओकायची, एवढंच आम्हाला ठाऊक. तुम्ही काकूंच्या विणकामातली लोकर मागितलीत, पाच रंगांची. व्हरांड्याच्या कठड्याला पाच धागे बांधलेत आणि दोन तास माझ्याकडून ते जोडून घेतलेत, सोडवून घेतलेत, पुन्हा जोडून घेतलेत. मी चुकले की तुम्ही सगळं उसकटून टाकायचात. "हात आधी शिकतो," म्हणालात, "डोकं मागून येतं, रमतगमत." संध्याकाळ व्हायच्या आत मी डोळे मिटून ते जाळं विणत होते. काकूंचा स्वेटर त्या वर्षी झालाच नाही. जेवायच्या आधी त्यांनी अर्धं लिंबू हातावर ठेवलं, फॉर्मॅलिनचा वास जावा म्हणून. एरवी "सर" म्हणायची ती मी तेव्हापासून तुमच्या घरी "काका" म्हणायला लागले. तुमच्यावर माझा जीव जडला तो त्या व्हरांड्यात. बाबांच्या कोटाचा राग मात्र मी जपून ठेवला होता.

पुढे मी विभागातच नोकरीला लागले. त्या निवडीच्या बैठकीत काय झालं ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. चहा घेऊन आत गेलेल्या बदलूने सांगितलं. कुणीतरी म्हणालं, कोटे वाली है, तर तुम्ही म्हणालात, "तो आप इससे अच्छा हाथ ले आइए।" कुणी आणला नाही. मी तुमचे आभार मानले नाहीत. तुम्ही सांगितलंच नव्हतंत, मग मी कशाला मानू, असा हिशोब मी मनात केला. आज मानते. उशीर झालाय.

मी शिकवायला लागले तशी तुमच्यासारखीच झाले. माझ्या तासाला मुली रडतात. थैली मी पण वापरते. एकदा एका मुलाने प्रेताच्या तोंडात विडी ठेवून दात काढले, तेव्हा ती विडी मी त्याला स्वतःच्या तोंडात धरून तासभर उभं राहायला लावलं. तुम्ही दारातून बघत होतात आणि खूश झालात. मला ते आवडलं.

तरी ते वाक्य मला सहन व्हायचं नाही. दर वर्षी नवी बॅच, दर वर्षी तेच, किसी का नहीं, इसलिए हमारा. चार वर्षांपूर्वी स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर, मी म्हणाले, "सर, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तुमच्या घरचं एक तरी माणूस आणा ना या टेबलावर." बाकीच्यांना मराठी कळली नाही, पण तुमचा चेहरा सगळ्यांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्टॅम्पपेपर टाइप करून आणलात आणि भर वर्गात वाचून दाखवलात. माझ्या मृत्यूनंतर माझा देह या विभागाला द्यावा. दीडशे मुलांनी बाकं वाजवली. एक प्रत ऑफिसात गेली. दुसरी माझ्या हातात देऊन तुम्ही म्हणालात, "घे. आता तरी गप्प बस." काकूंनी माझ्याशी महिनाभर बोलणं टाकलं.

मग तो कागद तुम्हाला आवडायलाच लागला. मंडळाच्या गणपतीत सांगितलंत, छावणीत लष्करी डॉक्टरांच्या जेवणात सांगितलंत, मेल्यावरही शिकवणार म्हणून. लोक उठून तुमच्या पाया पडायचे. मी चिडवायची की काका, अजून मेला नाहीत आणि सत्कार सुरू झाला. तुम्ही हसायचात. मला वाटलं, भांडण संपलं, आणि हरलात तरी शोभून दिसलात.

हृदय दुबळं झालं आणि तुम्ही तीन आठवडे दवाखान्यात होतात. पाय सुजलेले, उशांना टेकून बसल्याशिवाय श्वास पुरत नव्हता. त्या दुपारी काकू अंघोळीला घरी गेल्या होत्या आणि मी तुमच्यापाशी होते. तुम्ही मला नावाने हाक मारलीत, "सुजाता." एरवी पोरी म्हणायचात, नाहीतर मेश्राम.

"तो कागद आहे ना तुझ्याकडे?"

आहे म्हणाले.

"फाड तो. ऑफिसातला पण काढून घे." थोडा श्वास घेतलात. "तिथं फार थंड असतं गं."

तेव्हा मी काय करायला हवं होतं हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तुमचा हात धरायचा, हो म्हणायचं. मी पांघरूण सारखं केलं आणि म्हणाले, "मेलेल्याला थंडी वाजत नाही, काका. तुम्हीच शिकवलंत."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. "हो," म्हणालात, "मीच शिकवलं." आणि तोंड भिंतीकडे फिरवलंत. त्यानंतर माझ्याशी बोलला नाहीत. चौथ्या दिवशी गेलात.

मला राग आला होता. चार नंबरच्या टेबलावरच्या त्या माणसालाही थंडी नको असेल, पण हे सांगायला त्याच्याकडे कुणी नव्हतं. तुमच्याकडे मी होते. तुम्ही सांगितलंत की कागद फाटणार, हे तुम्ही किती सहज धरून चालला होतात. तुम्ही तिथेही वरचढच. आणि खरं सांगायचं तर, त्या क्षणी मला बाबांचा कोटही दिसला. मरणाऱ्या माणसावर असला सूड कुणी घेत नाही. मी घेतला. घरी गेल्यावर कपाट उघडून कागद पाहिला. फाडायला दोन सेकंद लागले असते. मी तो परत साड्यांखाली ठेवला आणि स्वयंपाकाला लागले.

कागद असला तरी काकूंची सही लागणारच होती. त्या नाही म्हणाल्या असत्या तर कुणी तुम्हाला नेलं नसतं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर त्यांनी पेन हातात घेऊन मला विचारलं, "शेवटी तुझ्याशी काही बोलले का गं?" मी म्हणाले, "नाही, काकू." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग सही केली, पूर्ण नाव, मराठीत.

तुम्हाला बदलूने तयार केलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. नसेतून औषध सोडताना तो रडत होता, आणि तरी नस त्याने पहिल्या फटक्यात शोधली, तुमच्याच हाताखाली शिकलेला. शेवटी पायाच्या अंगठ्याला बांधायचा पत्र्याचा बिल्ला घेऊन माझ्याकडे आला. "दीदी, बड़े साहब का नाम लिखें कि नंबर?" मी म्हणाले, "नंबर." त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही, त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. मुडद्याला नाव नसतं, नाव घेतलं की सुरी चालत नाही, हा नियम तुमचा होता. पण मी तो नियमासाठी पाळला, असं म्हणवत नाही.

इथपर्यंत मला कशाची भीती वाटली नाही. वाटली ती परवा, टेबलांची यादी लावताना. अजून तुम्हाला सुरी लागलेली नव्हती. काकूंना खरं सांगितलं असतं तर त्यांनी तुम्हाला परत मागितलं असतं आणि भैंसाकुंडाच्या स्मशानात नेऊन अग्नी दिला असता. टाकीतून काढलेलं शरीरही जळतं. सोमवारनंतर मात्र परत द्यायला सबंध माणूस उरणार नव्हता. काल दुपारी मी काकूंकडे गेले.

त्या मेथी निवडत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. कागद, थंडी, मी काय बोलले ते, आणि बाकावर खोटं बोलले तेही. त्यांनी हातातली काडी पूर्ण निवडून होईपर्यंत वर पाहिलं नाही.

"मला तर रोज सांगायचे," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. मग विचारलं, तुम्ही सही का केलीत?

"चार लोकांत बोलून बसले होते ना. मंडळात, छावणीत, कॉलेजात. त्यांच्या पाया पडून गेलेत लोक. आता लोकांना मी काय सांगू, ऐनवेळी हे घाबरले म्हणून? माझ्या नवऱ्याला कुणी भित्रा म्हटलेलं मला चालायचं नाही." पानं त्यांनी टोपलीत टाकली. "तुला विचारलं ते एवढ्यासाठी, की तू हे बाहेर बोलशील की काय. तू नाही म्हणालीस, मग केली सही."

काका, मी खोटं बोलले नसते तर त्यांनी सही केली नसती. मी तोंड उघडलं असतं तर बोभाटा होणारच, मग निदान जाळू तरी, असं त्यांनी केलं असतं. माझ्या एका "नाही"ने तुम्ही टाकीत गेलात. मी म्हणाले, अजून वेळ आहे काकू, उद्याचा दिवस आहे. मी स्वतः घेऊन येते त्यांना.

"नको," त्या म्हणाल्या. "झालं ते झालं." मग भाजीवाल्याची चौकशी करावी तशा आवाजात त्यांनी विचारलं, "कुठून सुरू करता तुम्ही?"

छातीपासून, म्हणाले.

"अच्छा." मी निघाले तेव्हा दारापर्यंत आल्या. "सुरी लावायच्या आधी सांग त्यांना. म्हणावं, घाबरू नका."

तर हा काकूंचा निरोप, पोचवला. त्यांनी तो खऱ्या मायेने दिलाय, आणि सहीही त्याच मायेने केली. तुम्ही मागितलंत ते दोघींकडे, आणि दोघींनी दिलं नाही. एकीने तुमच्या नावासाठी, दुसरीने रागापायी. आम्ही दोघीच होतो तुमच्या, म्हणजे तुमचं कुणीतरी होतं. असूनही तुम्ही टेबलावर आलात.

माझ्याकडून मात्र घाबरू नका असं म्हणवत नाही. त्या दुपारी तुमचं तोंड भिंतीकडे वळलं ते मी पाहिलंय, आणि एवढी वर्षं मुलांना घाबरवून तुम्ही स्वतः किती घाबरलेला होतात ते मला त्याच वेळी कळलं होतं. सोमवारी दहा वाजता मी खाली येते. पहिला छेद मुलांना देऊ देणार नाही, मीच देईन. तुम्हाला भीती वाटली तर वाटू द्या, काका. मी कुणाला सांगणार नाही.